मैफल, प्रसंग आणि ध्वनिमुद्रण : झुबिन मेहता यांच्या प्रत्यक्ष मैफलींच्या मुद्रणांचे ऐतिहासिक वाचन

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचे लिखित, भौतिक व मौखिक असे तीन ठळक गट मानण्याचा प्रघात आहे. इतिहासशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत ध्वनिमुद्रणाला जागा मिळते ती मौखिक साधनांच्या अखेरीस, आणि तीही बहुधा मुलाखतींच्या निमित्ताने. संगीताचे ध्वनिमुद्रण हा विषय संगीतशास्त्राकडे सोपवून इतिहासाचा अभ्यासक मोकळा होतो. परिणामी एखाद्या मैफलीचे मुद्रण ऐकताना राग कोणता, ताल कोणता, कलावंत कोणत्या घराण्याचा एवढेच प्रश्न विचारले जातात. ती मैफल कोणी भरविली, कोणासाठी भरविली, त्या दिवशी गावात काय चालले होते आणि सभागृहाच्या दाराबाहेर कोण उभे होते, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

प्रस्तुत निबंधात मुंबईत जन्मलेले व पुढे जगभर कीर्ती पावलेले वाद्यवृंद संचालक झुबिन मेहता यांच्या काही प्रत्यक्ष मैफलींच्या मुद्रणांचा या दृष्टीने विचार केला आहे. मेहता यांची निवड करण्यास सबळ कारण आहे. युद्ध, वेढा, नैसर्गिक आपत्ती, राजनैतिक संबंधांची नवी सुरुवात अशा प्रसंगी वाद्यवृंद घेऊन उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर वारंवार आली, किंबहुना अनेकदा ती त्यांनी स्वतःहून ओढवून घेतली. त्यामुळे त्यांच्या मैफलींची मुद्रणे ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची एक प्रकारची बखरच ठरतात. मात्र बखरीप्रमाणेच त्यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. मुद्रण खोटे बोलत नाही अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत टिकते हे पाहणे हा या निबंधाचा हेतू होय.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ‘मैफल’ या शब्दाला आपल्याकडे एक घरगुती ऊब आहे. शंभर वादकांच्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला तो काहीसा ओढूनताणून लावावा लागतो. ‘जलसा’ हा जुना शब्द कदाचित अधिक जवळचा ठरला असता, परंतु महाराष्ट्रात त्याला सत्यशोधकी व आंबेडकरी जलशांचा स्वतंत्र आणि गौरवशाली इतिहास असल्याने येथे ‘मैफल’ हाच शब्द योजिला आहे.

मुंबईतील पार्श्वभूमी

झुबिन मेहता यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील मेहली मेहता (१९०८–२००२) हे व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटची स्थापना केली. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मुंबईतील कार्यक्रमांचे एक प्रमुख ठिकाण म्हणजे सर कावसजी जहांगीर सभागृह. याच वास्तूत १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा आहे. या वाद्यवृंदात पारशी होते, युरोपीय होते आणि गोव्याहून मुंबईत आलेले ख्रिस्ती वादकही होते.

या गोमंतकीय वादकांविषयी थोडे विस्ताराने सांगणे उचित होईल. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचण्याचे व व्हायोलिनसारखी वाद्ये वाजविण्याचे शिक्षण मिळत असे. पोटापाण्यासाठी मुंबई गाठलेल्या या वादकांपैकी अनेकांना हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात काम मिळाले. पडद्यावरील नामावलीत त्यांची नावे क्वचितच आली, परंतु चित्रपटसंगीताचा तो भरगच्च नाद त्यांच्याच हातून घडला. त्यांच्यापैकी अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये भारतीय रागसंगीत व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्यासाठी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. तात्पर्य, मेहता यांच्या बालपणीच्या मुंबईत वाद्यवृंद ही वस्तू परकी नव्हती. मात्र ती सलग टिकून राहील अशी आर्थिक व संस्थात्मक व्यवस्था शहरात नव्हती. मेहली मेहता यांनाही १९४५ मध्ये व्हायोलिनच्या पुढील शिक्षणासाठी अमेरिकेला जावे लागले आणि नंतर त्यांचे उर्वरित आयुष्य इंग्लंड-अमेरिकेतच गेले.

झुबिन यांच्या कानावर घरातील तालमींखेरीज जे संगीत पडले ते तबकड्यांवरचे होते. वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडून वयाच्या अठराव्या वर्षी, १९५४ मध्ये, ते व्हिएन्नाला गेले व हान्स स्वारोव्हस्की यांच्याकडे संचालनाचे शिक्षण घेऊ लागले. तेथे कार्ल ब्योम यांच्या संचालनाखाली व्हिएन्ना फिलहार्मोनिकने वाजविलेली ब्राम्सची पहिली सिंफनी त्यांनी ऐकली. खऱ्या अर्थाने पूर्ण वाद्यवृंद आपण प्रथम ऐकला तो त्या वेळी, असे त्यांनी आपल्या आठवणींत आवर्जून सांगितले आहे. तबकडीतून पाठ झालेली रचना आणि सभागृहात अंगावर येणारा तिचा नाद यांतील अंतर ज्याने तरुण वयात एवढ्या तीव्रतेने अनुभवले, त्याच्या मैफलींची मुद्रणे अभ्यासताना हे अंतर लक्षात ठेवले पाहिजे.

मुद्रण कक्ष आणि सभागृह

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय ध्वनिफितीचा प्रसार झाला आणि मुद्रणाचे स्वरूपच पालटले. फीत कापता येते, जोडता येते. एकच भाग पाच वेळा वाजवून त्यातील उत्तम तुकडे एकत्र करता येतात. मुद्रण कक्षात तयार झालेली ध्वनिमुद्रिका ही त्यामुळे कोणत्याही एका दिवशी, कोणत्याही एका क्षणी न घडलेली मैफल असते. मेहता यांनी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसह (१९६२–१९७८) डेक्का कंपनीसाठी केलेली अनेक मुद्रणे अशाच पद्धतीने रिकाम्या सभागृहात झाली. ती नादाच्या दृष्टीने देखणी आहेत, पण त्यांतून त्या काळाविषयी फारसे कळत नाही. खोकणारा माणूस त्यांत नाही, टाळी नाही, तारीखही जणू नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण रशियात सापडते. येवगेनी म्राविन्स्की (१९०३–१९८८) हे १९३८ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, लेनिनग्राड फिलहार्मोनिकचे प्रमुख संचालक होते. १९६० च्या दशकाच्या आरंभानंतर त्यांनी मुद्रण कक्षाकडे बव्हंशी पाठ फिरविली. त्यामुळे त्यांच्या उत्तरायुष्यातील जे संगीत आज उपलब्ध आहे ते प्रामुख्याने नभोवाणीने व सरकारी ध्वनिमुद्रण संस्थेने टिपलेल्या प्रत्यक्ष मैफलींचे. शोस्ताकोविचने आपली आठवी सिंफनी त्यांना अर्पण केली होती आणि तिचा पहिला प्रयोगही १९४३ मध्ये त्यांनीच केला. त्याच सिंफनीचे १९८२ मधील लेनिनग्राडच्या मैफलीचे मुद्रण पुढे पश्चिमेत एका नामांकित कंपनीने प्रसिद्ध केले, तेव्हा ते मूळ सुरापेक्षा चढ्या सुरात गेले. फितीचा वेग चुकला की सूर चढतो आणि लयही वाढते. ज्या श्रोत्यांनी या तबकडीवरून म्राविन्स्कींच्या तडफदार लयीविषयी अनुमाने काढली असतील, त्यांच्या अनुमानातील काही अंश यंत्राचा होता असे म्हणावे लागते. हस्तलिखिताची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून व्हावी तशीच ही चूक. तिच्यासाठी पाठचिकित्सेचीच पद्धत वापरावी लागते.

दुसरे रशियन उदाहरण याहून बोलके आहे. शोस्ताकोविचच्या तेराव्या सिंफनीत येव्तुशेन्को यांच्या कविता असून पहिल्या भागात कीव्हजवळील बाबी यार येथील ज्यूंच्या हत्याकांडाचा विषय आहे. म्राविन्स्की यांनी तिचे संचालन करण्याचे टाळले. १८ डिसेंबर १९६२ रोजी मॉस्कोत किरिल कोंद्राशिन यांनी ती सादर केली. त्यानंतर लवकरच सरकारी दडपणामुळे कवीला काही ओळी बदलाव्या लागल्या आणि पुढील प्रयोगांत बदललेला पाठ गायिला जाऊ लागला. डिसेंबर १९६२ मधील मैफलीचे मुद्रण मात्र उरले आणि त्यात मूळ ओळी जशाच्या तशा आहेत. राज्यसंस्थेने पुसलेला मजकूर येथे मैफलीच्या मुद्रणाने जतन केला. ही दोन रशियन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे प्रत्यक्ष मैफलीच्या मुद्रणाचे सामर्थ्य व त्याची लबाडी दोन्ही ध्यानी येतात.

‘प्रत्यक्ष’ या शिक्क्याबाबतही सावध राहावे लागते. आजकाल लागोपाठच्या दोनतीन मैफलींतील भाग एकत्र करून आणि श्रोते गेल्यावर एखादा चुकलेला भाग पुन्हा वाजवून घेऊन ‘प्रत्यक्ष मैफल’ या नावाने मुद्रिका काढण्याची पद्धत रूढ आहे. अशा मुद्रिकेवरील दिनांक हा अस्सल पत्रावरील दिनांकासारखा मानता येत नाही.

टाळ्यांचा पुरावा

व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या नववर्षदिनाच्या मैफलीचे संचालन मेहता यांनी १९९०, १९९५, १९९८, २००७ व २०१५ असे पाच वेळा केले. १ जानेवारीची ही मैफल जगभर दूरचित्रवाणीवरून दाखविली जाते आणि तिचे मुद्रण लवकरच विक्रीस येते. येथे श्रोत्यांनी काय करावयाचे हेही ठरलेले असते. ‘ब्ल्यू डॅन्यूब’चे पहिले स्वर उमटताच टाळ्यांनी ते थांबवायचे, संचालकाने नववर्षाच्या शुभेच्छा द्यायच्या आणि शेवटी ‘राडेट्झ्की मार्च’ला श्रोत्यांनी तालावर टाळ्या वाजवायच्या. संचालक त्या वेळी वादकांकडे पाठ करून श्रोत्यांचेच संचालन करतो. उत्स्फूर्ततेचा हा आविष्कार पूर्णपणे बांधलेला आहे. या प्रथेचा आरंभ १९३९ च्या अखेरीस, नाझी राजवटीत झाला, ही गोष्ट त्या सोनेरी सभागृहाच्या झगमगाटात कोणाच्या लक्षात येत नाही.

तरीही या ठराविकपणामुळेच त्यातील लहानसा खंड इतिहास सांगून जातो. २००५ च्या मुद्रणात ‘राडेट्झ्की मार्च’ नाही. त्या वर्षी संचालक लोरिन माझेल होते आणि सहाच दिवसांपूर्वी, २६ डिसेंबर २००४ रोजी, हिंदी महासागरातील त्सुनामीने लक्षावधी लोकांचे प्राण घेतले होते. मृतांच्या स्मरणार्थ तो टाळ्यांचा शेवट वगळण्यात आला. ज्या अभ्यासकाला प्रथा माहीत आहे त्यालाच ही उणीव ऐकू येते. बरोबर एका वर्षाने, २६ डिसेंबर २००५ रोजी, मेहता यांनी बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्रासह चेन्नईच्या म्युझिक अकादमीत त्सुनामीच्या स्मृत्यर्थ मैफल केली. कर्नाटक संगीताच्या त्या पंढरीत जर्मन वाद्यवृंदाने हजेरी लावण्याचा तो प्रसंग होता.

इस्राएल : निषेध, भोंगे आणि मुखवटे

इस्राएल फिलहार्मोनिकशी मेहता यांचा संबंध अर्धशतकाहून अधिक काळाचा. १९६७ च्या जूनमध्ये युद्धाची बातमी येताच ते तिकडे गेले. युद्ध संपताच जेरुसलेममध्ये झालेल्या मैफलीचे संचालन त्यांनी केले आणि डॅनियल बॅरेनबोइम व जॅकलिन द्यु प्रे हे वादक त्यात सहभागी होते. १९७७ मध्ये ते या वाद्यवृंदाचे संगीत संचालक झाले, १९८१ मध्ये त्यांना हे पद तहहयात देण्यात आले आणि २०१९ मध्ये ते निवृत्त झाले.

हा वाद्यवृंद १९३६ मध्ये ब्रोनिस्लाव्ह ह्युबरमन यांनी युरोपातून हद्दपार होऊ लागलेल्या ज्यू वादकांना घेऊन उभा केला. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंवर झालेल्या संघटित हल्ल्यांनंतर त्याने व्हाग्नरचे संगीत वाजविणे थांबविले आणि पुढे तो अलिखित नियमच झाला. ऑक्टोबर १९८१ मध्ये तेल अवीव येथील मैफल संपल्यावर मेहता यांनी श्रोत्यांना उद्देशून सांगितले की, यानंतर ‘ट्रिस्टान उंड इझोल्डे’मधील अंतिम भाग वाजविला जाईल, ज्यांना ऐकावयाचा नसेल त्यांनी खुशाल निघून जावे. काही श्रोते गेले, काहींनी राहून निषेध केला, ओरडाआरडा झाली. छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या दृष्टीने हा सौंदर्यशास्त्राचा वाद नव्हता. संगीत निरपराध असते हा मेहता यांचा पक्ष तत्त्वतः मान्य करणाऱ्यांनाही हे कबूल करावे लागेल की, ऐकण्याची सक्ती जशी अन्यायाची तशीच स्वतःच्या सभागृहातून उठून जाण्याची सक्तीही अन्यायाचीच. अशा प्रसंगी ‘व्यत्यय’ समजून मुद्रणातून जे काढून टाकले जाते तेच इतिहासाच्या अभ्यासकाला हवे असते.

आखाती युद्धाच्या काळातील फेब्रुवारी १९९१ ची जेरुसलेममधील मैफल हे या विषयातील सर्वांत उद्बोधक उदाहरण आहे. व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न वाद्यवृंदासह मोझार्ट वाजवीत असता क्षेपणास्त्राच्या हल्ल्याची सूचना देणारा भोंगा वाजला. वादक रंगमंचावरून गेले. श्रोत्यांनी विषारी वायूपासून रक्षण करणारे मुखवटे चढविले. थोड्या वेळाने स्टर्न एकटेच, मुखवटा न घालता, परत आले आणि त्यांनी बाखची एक साराबांद वाजविली. या प्रसंगाची चित्रफीत जगभर पाहिली गेली. आता ही चित्रफीत डोळे मिटून ऐकली तर काय उरते? एकटे व्हायोलिन आणि शांतता. मुखवटे ऐकू येत नाहीत. वाद्यवृंद व त्याचा संचालक तर या क्षणी मंचावर नाहीतच. ज्या मैफलीतील हा सर्वांत स्मरणीय भाग, त्यात त्या मैफलीचा संचालक अनुपस्थित आहे, आणि ध्वनी एकट्याने या प्रसंगाची साक्ष देऊ शकत नाही. त्याला चित्राची, वृत्तपत्राची, आठवणींची जोड लागते. साधनांच्या परस्परपडताळणीचे तत्त्व वर्गात शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

दोन भग्नावशेष

७ जुलै १९९० रोजी, जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री, रोममधील काराकालाच्या स्नानगृहांच्या अवशेषांत होसे कारेरास, प्लासिदो डोमिंगो व लुचियानो पाव्हारोत्ती हे तीन गायक एकत्र गायिले. दोन इटालियन वाद्यवृंद एकत्र आणून त्यांचे संचालन मेहता यांनी केले. रक्ताच्या कर्करोगातून बरे झालेल्या कारेरास यांच्या संस्थेसाठी निधी उभारणे हा मैफलीचा एक हेतू होता. त्या रात्रीच्या मुद्रणाने अभिजात संगीताच्या विक्रीचे सर्व उच्चांक मोडले. या मुद्रिकेने अभिजात संगीताच्या बाजाराची दिशाच बदलली. पुढच्या काळात उघड्या मैदानातील, लोकप्रिय गाण्यांची माळ गुंफलेली, ध्वनिक्षेपकावर अवलंबून असणारी मैफल हा एक स्वतंत्र प्रकार झाला. त्याविषयी नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्यांनी ऑपेराचे नावही ऐकले नव्हते अशा असंख्य घरांत तो आवाज पोहोचला, हेही खरे.

चारच वर्षांनी, १९ जून १९९४ रोजी, मेहता व कारेरास पुन्हा अवशेषांतच उभे होते. हे अवशेष तिसऱ्या शतकातील नव्हते, दोन वर्षांपूर्वीचे होते. बोस्नियातील सारायेव्हो शहराच्या राष्ट्रीय ग्रंथालयावर ऑगस्ट १९९२ मध्ये तोफगोळ्यांचा मारा झाला आणि इमारतीसह तेथील बहुसंख्य ग्रंथ जळून गेले. त्या छप्पर उडालेल्या वास्तूत सारायेव्हो फिलहार्मोनिक व तेथील गायकवृंद यांनी मेहता यांच्या संचालनाखाली मोझार्टचे ‘रेक्विएम’ सादर केले. शहराचा वेढा अद्याप उठलेला नव्हता. वाद्यवृंदातील काही वादक युद्धात मरण पावले होते. मोझार्टच्या मृत्यूने अपुरी राहिलेली आणि त्याच्या शिष्याने पुरी केलेली ही शांतिप्रार्थना अशा ठिकाणी, अशा माणसांनी गावी, यात योजकांची दृष्टी दिसते.

कलादृष्ट्या हे मुद्रण मेहता यांच्या उत्कृष्ट मुद्रणांत कोणी गणणार नाही. वादकांची संख्या, सरावाची साधने, छप्पर नसलेल्या जागेतील नाद, सारेच प्रतिकूल. परंतु साधन म्हणून त्याचे मोल काराकालाच्या मुद्रणापेक्षा अधिक आहे असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. लेनिनग्राडच्या वेढ्यात ९ ऑगस्ट १९४२ रोजी कार्ल एलियासबर्ग यांनी उपासमारीने खंगलेले वादक गोळा करून शोस्ताकोविचची सातवी सिंफनी सादर केली आणि ती ध्वनिक्षेपकांवरून शहरभर ऐकविण्यात आली, त्या परंपरेशी हे मुद्रण नाते सांगते. फरक एक आहे. लेनिनग्राडची मैफल वेढ्यातील लोकांसाठी होती; सारायेव्होची मैफल मुख्यतः बाहेरच्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली. ते जग त्या वेळी प्रत्यक्ष हस्तक्षेप करण्यास कचरत होते. संगीताने सांत्वन केले की जगाच्या निष्क्रियतेवर पांघरूण घातले, हा प्रश्न त्या मुद्रणाला विचारलाच पाहिजे, जरी उत्तर त्यात नसले तरी.

ऑगस्ट १९९९ मध्ये बुखेनवाल्ड छळछावणीपासून जवळ असलेल्या वायमार शहरात मेहता यांनी इस्राएल फिलहार्मोनिक आणि बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्रा यांना एकत्र बसवून माह्लरची दुसरी सिंफनी सादर केली. नाझी राजवटीने माह्लरचे संगीत ज्यू म्हणून वर्ज्य ठरविले होते. या मैफलीच्या मुद्रणात कोणते व्हायोलिन तेल अवीवचे व कोणते म्युनिकचे हे कानाला ओळखता येत नाही, आणि योजकांचा हेतूही तोच असावा.

न झालेल्या व वादग्रस्त मैफली

मुद्रणांच्या यादीत न झालेल्या मैफली नसतात. १९८४ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक (मेहता येथे १९७८ ते १९९१ संगीत संचालक होते) आशियाच्या दौऱ्यावर निघाले असता मलेशियाच्या सरकारने कार्यक्रमातील अर्नेस्ट ब्लॉखची ‘शेलोमो’ ही ज्यू परंपरेशी निगडित रचना वगळण्यास सांगितले. त्यातून मलेशियाचा मुक्कामच रद्द झाला. त्याच दौऱ्यात वाद्यवृंद भारतात आला. भारत व इस्राएल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये प्रस्थापित झाले आणि १९९४ मध्ये इस्राएल फिलहार्मोनिक मेहता यांच्यासह मुंबई-दिल्लीत वाजवून गेले. ज्या शहरातून हा संचालक बाहेर पडला त्या शहरात आपल्या या वाद्यवृंदासह येण्यासाठी त्याला परराष्ट्रधोरण बदलण्याची वाट पाहावी लागली.

भारतातील सर्वांत वादग्रस्त मैफल ७ सप्टेंबर २०१३ रोजी श्रीनगरच्या शालिमार बागेत झाली. जर्मन दूतावासाच्या पुढाकाराने झालेल्या या ‘एहसास-ए-काश्मीर’ कार्यक्रमात बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्राने बीथोव्हेन वाजविला, काश्मिरी वादकांसह एक संयुक्त रचनाही सादर झाली. प्रक्षेपण अनेक देशांत झाले. त्या चित्रणात चिनार आहेत, जहांगीरकालीन बागेतील पाणी आहे, शिस्तीत बसलेले निमंत्रित आहेत. नाही ते असे : प्रवेश केवळ निमंत्रितांना होता, फुटीरतावादी नेत्यांनी त्या दिवशी बंद पुकारला होता, शहरातच ‘हकीकत-ए-काश्मीर’ नावाचा समांतर कार्यक्रम नागरिकांनी भरविला होता, आणि त्याच दिवशी शोपियान येथे गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्या वेळी सर्वांना येता येईल अशा जागी वाजवावे, अशी इच्छा मेहता यांनी बोलून दाखविली. त्यांच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकाच्या हाती केवळ हे चित्रण आले, तर २०१३ च्या सप्टेंबरातील श्रीनगर हे एक शांत, प्रसन्न शहर होते असा निष्कर्ष त्याने काढल्यास त्याला दोष देता येणार नाही.

मराठी मुलखातील मैफलींच्या मुद्रणांकडे

हीच कसोटी आपल्या मैफलींच्या मुद्रणांना लावण्याची वेळ आलेली आहे. भारतात तबकडीवरील मुद्रणास १९०२ मध्ये आरंभ झाला. सुमारे तीन मिनिटांत मावेल एवढाच राग त्या तबकडीवर येत असे. अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) किंवा भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्यासारख्यांचे गाणे तबकडीवर आलेच नाही. ते आज केवळ शिष्यांच्या गळ्यात व आठवणींत आहे. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या तबकड्या निघाल्या आणि त्यांची एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळातही गेली, परंतु त्यांची खरी कीर्ती मैफलीच्या विस्तृत गायनाची होती. ध्वनिफीत आल्यानंतर रसिकांनी, मंडळांनी व आकाशवाणीने पूर्ण मैफली टिपण्यास सुरुवात केली. पुण्यात १९५३ पासून भरणारा सवाई गंधर्व महोत्सव आणि मुंबईत १९६९ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र यांच्यामुळे या साधनाचा साठा वाढला.

मराठवाड्याच्या दृष्टीने एक बाब नमूद करण्याजोगी आहे. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांच्या हद्दीत जी पाच नभोवाणी केंद्रे होती त्यांपैकी एक औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे होते. निजामी राजवटीत येथील हवेतून कोणते गाणे गेले, कोणत्या भाषेत गेले आणि ते कोणी ऐकले, हा प्रश्न हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या अभ्यासकाला परका वाटू नये.

घरोघरच्या जुन्या फिती आता संगणकावर उतरवून घेतल्या जात आहेत. हे करताना फितीच्या वेष्टनावर गायकाचे नाव, राग व क्वचित वर्ष एवढीच नोंद बहुधा आढळते. सभागृह, निमित्त, यजमान, साथीदार, टिपणारे यंत्र, फितीचा वेग यांची नोंद नसते. म्राविन्स्कींच्या चढ्या सुराचे उदाहरण येथे उपयोगी पडावे : फितीतील षड्ज गायकाच्या इतर मुद्रणांतील षड्जाशी ताडून पाहिला, तर वेगातील चूक पुष्कळदा सापडते. याच कामात आणखी एक सवय सर्रास दिसते. तंबोरे जुळविणे, निवेदकाचे बोलणे, मध्येच आलेली दाद, चहाच्या कपांचा आवाज, उशिरा आलेल्या पाहुण्याला पुढे बसविण्यासाठी झालेली हालचाल, गायकाने तबलजीला हळू आवाजात केलेली सूचना हे सारे ‘खरखर’ समजून कापले जाते आणि मूळ फीत टाकून दिली जाते. आरंभीचे ते निवेदन आणि ती हालचाल यांतच पुष्कळदा गावाचे नाव, यजमानाचे नाव व प्रसंग सापडतो, आणि त्याची दुसरी नोंद कोठेच नसते.